एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांमधील बुरशीचे संधिसाधू संसर्ग: जिभेवरच्या थरापासून मेंदूच्या आवरणापर्यंत

निरगुडी (धागाकर्ती)

मुलांच्या आरोग्यावरील धाग्यांमध्ये ‘बाळाच्या जिभेवर पांढरा थर आला आहे, काय करावे’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि त्यावर मिळणारे ‘काळजी करू नका, माउथ पेंट लावा’ हे उत्तर बहुतेक बाळांच्या बाबतीत योग्यच असते. मला येथे त्या थोड्या मुलांविषयी लिहायचे आहे, ज्यांना हे उत्तर पुरत नाही, कारण त्यांच्या शरीरात एचआयव्ही आहे आणि ते घरात किंवा दवाखान्यात अजून कोणालाच ठाऊक नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारे औषधोपचार) केंद्राकडून येणारी मुले नियमित पाहते. पुढील मजकुरात कोणत्याही एका मुलाचे वर्णन नाही. उपचारांच्या मात्राही मी देणार नाही, कारण त्या वजनावर ठरतात आणि वजन काट्यावर पाहायचे असते, धाग्यावर नाही.

कॅंडिडा ही बुरशी निरोगी माणसाच्या तोंडात आणि आतड्यातही मुक्कामाला असते. तिला मर्यादेत ठेवण्याचे काम श्लेष्मल त्वचेखालील सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) करतात, आणि एचआयव्ही नेमक्या याच पेशी लवकर नष्ट करतो. म्हणून प्रतिकारशक्ती घसरू लागली की तिची पहिली खूण बऱ्याचदा तोंडात दिसते. याउलट रक्तात शिरलेल्या कॅंडिडाला रोखण्याचे काम मुख्यतः न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींकडे असते आणि त्या बऱ्याच अंशी शाबूत राहतात, त्यामुळे या मुलांच्या तोंडात बुरशी वारंवार आढळली तरी रक्तातील कॅंडिडा त्या मानाने क्वचित दिसते. दिसलीच, तर अतिदक्षता विभागातील शिरेत घातलेली नळी किंवा दीर्घकाळ चाललेली प्रतिजैविके हे कारण सहसा सापडते.

दुधाचा थर ओल्या स्वच्छ फडक्याने सहज निघतो. कॅंडिडाचा थर दह्याच्या कवडीसारखा चिकटून असतो, तो खरवडला तर खाली लाल, क्वचित रक्ताळलेली त्वचा दिसते, आणि तो जिभेपुरता न थांबता गालांच्या आतल्या बाजूला व टाळूवरही पसरतो. कधी पांढरे काहीच नसते, फक्त टाळू आणि जिभेचा मध्यभाग लाल व गुळगुळीत होतो किंवा ओठांचे कोपरे फाटत राहतात. हे रूप हमखास नजरेतून सुटते आणि मुलाला जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन घरी पाठवले जाते. जन्मानंतरच्या पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत असा थर कोणत्याही बाळाला येऊ शकतो. त्यानंतरही तो जात नसेल, किंवा प्रतिजैविक अथवा स्टिरॉइडचा पंप चालू नसताना पुन्हा पुन्हा येत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात एचआयव्ही असलेल्या मुलाचा आजार चारपैकी तिसऱ्या टप्प्यात धरला जातो. सोबत वजन थांबलेले असेल, कान वारंवार फुटत असेल, मानेत व काखेत गाठी असतील, किंवा गालगुंड झाल्यासारखी दोन्ही गालांवरची सूज महिनोन्‌महिने उतरत नसेल, तर माउथ पेंटच्या चिठ्ठीबरोबर एचआयव्ही तपासणीची चिठ्ठीही लिहिलीच पाहिजे.

हीच बुरशी अन्ननलिकेत उतरली की चौथा टप्पा येतो. मोठे मूल छातीवर हात ठेवून ‘गिळताना दुखते’ असे सांगू शकते. लहान मूल भूक असूनही वाटी ढकलते, लाळ गाळते आणि घास तोंडात धरून रडते. घरचे त्याला हट्टी समजतात. येथे तोंडात लावायच्या औषधाचा उपयोग होत नाही, पोटातून किंवा शिरेतून फ्लुकोनॅझोल हे बुरशीनाशक दोन ते तीन आठवडे द्यावे लागते, आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत मूल जेवू लागते, हाच बऱ्याचदा निदानाचा पुरावा ठरतो.

मात्र बाळांचा जीव सर्वाधिक घेणारी बुरशी तोंडातली नाही, ती फुप्फुसातली आहे. न्यूमोसिस्टिस जिरोवेसी हे तिचे नाव. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील अनाथालयांमध्ये कुपोषित बाळांना होणाऱ्या एका न्यूमोनियाचा तिच्याशी असलेला संबंध झेक संशोधक ओटो यिरोवेत्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये दाखवला. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधील ज्या पाच तरुणांच्या नोंदीपासून एड्सचा लिखित इतिहास सुरू होतो, त्यांना हाच न्यूमोनिया झाला होता, आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत प्रतिकारशक्ती ढासळलेल्या बाळांची पहिली नोंद आली, तिच्यातही तो होता. १९८८ पर्यंत या जंतूची गणना आदिजीवांत केली जात असे. त्या वर्षी त्याच्या रायबोसोमल आरएनएच्या अभ्यासाने तो बुरशी असल्याचे ठरले. तरीही बुरशीवरची नेहमीची औषधे त्याच्यावर चालत नाहीत, कारण ती ज्या अर्गोस्टेरॉल या स्निग्ध घटकावर घाव घालतात ते त्याच्या पेशी-आवरणात जवळपास नसतेच. त्याच्यावर चालते ते कोट्रायमोक्सॅझोल, म्हणजे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारे जुने, स्वस्त प्रतिजैविक.

एचआयव्ही असलेल्या बाळांमध्ये हा न्यूमोनिया तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात सर्वाधिक दिसतो. बाळाला धाप लागलेली असते, पोट उडत असते, ओठ निळसर पडतात, ताप मात्र बेताचाच किंवा नसतोही, आणि स्टेथोस्कोपमध्ये छाती जवळजवळ स्वच्छ ऐकू येते. छातीत काही ऐकू येत नसताना ऑक्सिजन एवढा कमी का, हा प्रश्न ज्या डॉक्टरला पडतो त्याच्या हातून ते बाळ वाचण्याची शक्यता वाढते. या वयात सीडी४च्या आकड्यावर विसंबता येत नाही, कारण बाळांमध्ये या पेशी मुळातच प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि आकडा चांगला दिसत असतानाही न्यूमोसिस्टिस होतो. म्हणूनच एचआयव्हीबाधित मातेच्या प्रत्येक बाळाला, त्याचा स्वतःचा अहवाल येण्याची वाट न पाहता, चार ते सहा आठवड्यांच्या वयापासून कोट्रायमोक्सॅझोल सुरू करायचे असते. माझ्या मते या सगळ्या विषयातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षही याच औषधाकडे होते.

मीठभाकर

माहितीपूर्ण धागा. एक शंका आहे. आता प्रत्येक गर्भवतीची एचआयव्ही तपासणी होते आणि बाधित असल्यास तिला लगेच औषधे सुरू होतात. आईची तपासणी नकारार्थी आली असेल, तर बाळाच्या तोंडातील बुरशीसाठी पुन्हा तपासणी सुचवणे म्हणजे कुटुंबाला विनाकारण संशयाच्या भोवऱ्यात टाकणे नव्हे काय?

निरगुडी

मीठभाकर, प्रश्न रास्त आहे. भारतात २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला सीडी४ न पाहता आयुष्यभराचे उपचार देण्याचे धोरण आहे आणि त्यामुळे बाळांमधील नवे संसर्ग खूप कमी झाले आहेत. परंतु तिसऱ्या महिन्यात झालेली तपासणी त्या दिवसापुरतेच सांगते. त्यानंतर गर्भारपणात किंवा स्तनपानाच्या काळात आईला संसर्ग झाला, तर नव्या संसर्गात विषाणूचे प्रमाण फार जास्त असल्याने बाळाला धोकाही जास्त असतो, आणि अशा आईचे नाव कोणत्याच यादीत नसते. माहेरी बाळंतपण, मध्येच बदललेले गाव, ऊसतोडीचे किंवा वीटभट्टीचे स्थलांतर, यांतून तपासणी राहून गेलेल्या स्त्रियाही असतात.

तपासणी कशी करायची हेही सांगते, कारण तेथे वारंवार गोंधळ होतो. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे त्याआधी नेहमीची जलद चाचणी सकारात्मक आली, तर ती केवळ बाळाचा विषाणूशी संपर्क आल्याचे सांगते. बाळाला स्वतःला संसर्ग आहे का, हे विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या चाचणीने ठरते. त्यासाठी टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब गाळणकागदावर सुकवून प्रयोगशाळेत पाठवतात. राष्ट्रीय कार्यक्रमात ही सोय २०१० पासून आहे. पहिली चाचणी सहा आठवड्यांना होते, म्हणजे कोट्रायमोक्सॅझोल सुरू करण्याच्या भेटीतच. संशयाचा भोवरा टाळायचा असेल तर तपासणी टाळू नये. ती रीतसर समुपदेशनासह, आईला बाजूला घेऊन, सासरच्या घोळक्यात न विचारता करावी.

आजोळ

मी पहिल्यांदाच अशा विषयावर लिहीत आहे. माझ्या दिवंगत बहिणीचा मुलगा आमच्याकडे असतो, नऊ वर्षांचा आहे आणि गेल्या वर्षापासून त्याचे एआरटी सुरू आहे. तो आता चांगला खातो, शाळेत जातो. त्याला रोज कोट्रायमोक्सॅझोलची गोळीही आहे. सासूबाईंचे म्हणणे असे, की मूल धडधाकट दिसते आहे तर प्रतिजैविक रोज कशाला, त्याने पोट बिघडते. दुसरे असे, की औषधे सुरू झाल्यानंतर एकदा त्याच्या तोंडात पुन्हा पांढरे आले, तेव्हा शेजारच्या आजींनी टंकणखाराची लाही मधात कालवून लावायला सांगितली होती. आमच्या लहानपणी ती सगळ्यांनाच लावत असत. यात गैर काय आहे, हे सासूबाईंना समजावता येईल अशा भाषेत कोणी सांगेल का?

औषधी_पेटी

आजोळ ताई, मी औषधनिर्माता आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. टंकणखार म्हणजे बोरॅक्स. तोंडाच्या सोललेल्या त्वचेतून आणि गिळल्यावर पोटातून तो शरीरात शोषला जातो, लहान मुलांच्या शरीरातून तो सावकाश बाहेर पडतो, आणि चोखणीला बोरॅक्स-मध लावलेल्या बाळांना आकडी आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. शिवाय एक वर्षाखालील बाळाला मध देऊच नये, कारण त्यातील बॉट्युलिनमच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. तुमचा भाचा नऊ वर्षांचा आहे, त्यामुळे मधाचा धोका त्याला नाही. पण टंकणखाराने बुरशी जात नाही, फक्त थर खरवडला जाऊन तोंड स्वच्छ झाल्यासारखे दिसते आणि खरा उपचार आठवडाभर लांबतो.

जेन्शन व्हायोलेटचे जांभळे औषध हा मात्र खरोखर चालणारा जुना उपाय आहे, सौम्य प्रमाणात तो आजही वापरतात. त्याचा दोष एवढाच, की मुलाचे जांभळे तोंड गल्लीभर दिसते, आणि हे कारण या घरांसाठी क्षुल्लक नाही. निस्टॅटिन किंवा क्लोट्रिमॅझोल ही तोंडात लावायची बुरशीनाशके वापरत असाल, तर ते जेवणानंतर द्या, तोंडात शक्य तितका वेळ राहू द्या, आणि थर दिसेनासा झाल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. अंगावर पिणारे बाळ असेल तर आईच्या स्तनाग्रांवरही उपचार करावे लागतात, नाहीतर बुरशी इकडून तिकडे फिरत राहते.

निरगुडी

आजोळ ताई, कोट्रायमोक्सॅझोलबद्दल सासूबाईंना असे सांगा, की हे औषध आज झालेल्या आजारासाठी नाही, म्हणून मूल बरे दिसते की नाही यावर ते ठरत नाही. झांबियातील लुसाका येथे एक ते चौदा वर्षांच्या ५४१ एचआयव्हीबाधित मुलांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. एआरटी तेव्हा तेथे मिळत नव्हते. निम्म्या मुलांना रोज कोट्रायमोक्सॅझोल आणि निम्म्यांना दिसायला तसेच पण निष्क्रिय औषध दिले गेले, आणि कोट्रायमोक्सॅझोल घेणाऱ्या मुलांमध्ये मृत्यू ४३ टक्क्यांनी कमी झाले. त्या वयात न्यूमोसिस्टिस फारसा नसतो, त्यामुळे हा फायदा मुख्यतः जिवाणूंचे संसर्ग टळल्याने झाला असावा, हे मी स्पष्ट करते. पण आईवडिलांच्या दृष्टीने एकाच गोळीने दोन्ही दारे बंद होतात.

बंद कधी करायचे, यालाही नियम आहे. पाच वर्षांवरील मूल एआरटी नियमित घेत असेल, त्याला किमान सहा महिने झाले असतील, मूल स्थिर असेल आणि सीडी४ ३५०च्या वर टिकून असेल, तर एआरटी केंद्रातील डॉक्टर ते थांबवतात. तुमच्या भाच्याच्या बाबतीत ती वेळ जवळ आली असेलही. पुढच्या भेटीत सरळ विचारा. घरच्या घरी थांबवू नका. अंगावर पुरळ उठले, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, तर मात्र भेटीची वाट न पाहता औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणखी एक गोष्ट पालकांनी पाहावी: मात्रा वजनाप्रमाणे वाढवावी लागते. चार किलोच्या बाळाची मात्रा दहा किलोच्या मुलाला चालू राहिलेली मी पुष्कळदा पाहते, आणि तेव्हा औषध चालू असून नसल्यासारखेच असते.

उपचार सुरू झाल्यावर तोंडात पुन्हा पांढरे आले, याचे कारणही शोधायला हवे. सुरुवातीच्या काही महिन्यांत ते समजण्यासारखे आहे. सहा महिने उलटून गेल्यावर ते होत असेल, तर मी प्रथम गोळ्या खरोखर पोटात जात आहेत का हे पाहते आणि मग विषाणूचे प्रमाण मोजते.

कोयनाकाठ

मी सांगली-कराड भागात समुपदेशक म्हणून काम केले आहे, म्हणून ‘गोळ्या पोटात जात आहेत का’ याविषयी थोडे लिहितो. आमच्याकडे अशा मुलांचा सांभाळ बऱ्याच घरांत आजी-आजोबा करतात. आजींना अक्षरे वाचता येत नाहीत, बाटल्यांवरची लेबले शेजाऱ्यांना दिसू नयेत म्हणून आधीच फाडलेली असतात, आणि मग दोन सारख्या बाटल्यांपैकी कोणती सकाळची व कोणती रात्रीची हे आठवणीवर चालते. अशा घरी मी बाटलीला लोकरीचा धागा बांधायला सांगतो. एका औषधाला लाल, दुसऱ्याला हिरवा. पाव्हणे आले तरी त्या धाग्यावरून कोणाला काही कळत नाही.

पूर्वी बाळांचे सरबतासारखे औषध इतके कडू असे, की अर्धे बाहेर यायचे. डोल्युटेग्रॅविर या एचआयव्हीवरील औषधाच्या पाण्यात विरघळणाऱ्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या आल्यापासून लहान मुलांचे औषध देणे खरोखर सोपे झाले आहे, आणि बुरशीच्या संसर्गाच्या दृष्टीने मला हा बदल कोणत्याही नव्या बुरशीनाशकापेक्षा मोठा वाटतो.

शाळेत तोंडाला जखमा किंवा अंगावर नायटे दिसले म्हणून मुलाला वेगळे बसवण्याचे प्रकार अजून घडतात. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार शिक्षणात असा भेदभाव करणे बेकायदेशीर आहे आणि मुलाची स्थिती संमतीशिवाय उघड करणेही. नायट्याचे म्हणाल तर तो एचआयव्ही नसलेल्या निम्म्या वर्गालाही असतो. मेडिकलच्या दुकानातून आणलेली स्टिरॉइडमिश्रित मलमे चोळून तो अधिकच पसरवला जातो. माहितीसाठी १०९७ हा शासनाचा निःशुल्क क्रमांक आहे, तेथे नाव सांगावे लागत नाही.

सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करते, त्यामुळे शीर्षकातील ‘मेंदूच्या आवरणापर्यंत’ या भागाबद्दल लिहिते. क्रिप्टोकॉकस ही बुरशी श्वासावाटे फुप्फुसात जाते आणि प्रतिकारशक्ती ढासळल्यावर मेंदूच्या आवरणावर जाऊन बसते. बाळांमध्ये ती क्वचित आढळते, प्रौढांच्या तुलनेत लहान मुलांत तिचे प्रमाण पुष्कळ कमी आहे. आम्हाला ती दिसते ती मोठ्या मुलांमध्ये, विशेषतः जन्मापासून संसर्ग असूनही बारा-पंधराव्या वर्षापर्यंत निदान न झालेल्या, किंवा वयात येताना ‘मीच का’ म्हणून औषधे सोडून दिलेल्या मुलांमध्ये.

या आजाराची चाल संथ असते. दोन-तीन आठवडे डोके दुखते, ताप येतो-जातो, उलट्या होतात, मूल चिडचिडे किंवा सुस्त होते, कधी एकाचे दोन दिसू लागते. मान ताठ होणे हे लक्षण बऱ्याचदा नसतेच. आपल्याकडे अशा चित्राला पहिले नाव क्षयाच्या मेंदूज्वराचे दिले जाते, आणि क्षय एवढा असताना ते स्वाभाविकही आहे. अडचण पुढे येते. क्षयाच्या मेंदूज्वरात स्टिरॉइड फायद्याचे असते, म्हणून ते तत्काळ सुरू होते; क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरात मात्र डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलेल्या प्रौढ रुग्णांत अपंगत्व वाढले आणि बुरशी सावकाश मेली, असे आशिया व आफ्रिकेतील एका मोठ्या चाचणीत दिसल्याने ती चाचणी मध्येच थांबवावी लागली; निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. गंमत अशी, की निरगुडी यांनी वर्णन केलेल्या न्यूमोसिस्टिसमध्ये ऑक्सिजन फार खाली गेला असेल तर स्टिरॉइड द्यावेच लागते. त्यामुळे एकाच वॉर्डात तीन रुग्णांच्या बाबतीत तीन वेगळे निर्णय होऊ शकतात आणि निदानाशिवाय केलेला अंदाज महागात पडतो.

निदान अवघड नाही, हेच मला ठासून सांगायचे आहे. पाठीतून काढलेल्या पाण्यात शाईचा थेंब घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की काळ्या पार्श्वभूमीवर आवरणाचे पांढरे वलय असलेल्या गोल पेशी दिसतात. मात्र ही चाचणी काही रुग्ण चुकवते. क्रिप्टोकॉकसच्या प्रतिजनाची (बुरशीच्या आवरणातून सुटणाऱ्या अंशाची) पट्टीवरची चाचणी त्यापेक्षा पुष्कळ विश्वासार्ह आहे, तिला दहा मिनिटे लागतात, आणि ती बोटातून काढलेल्या रक्तावरही करता येते. सीडी४ २००च्या खाली असलेल्या किशोरवयीन मुलांमध्ये लक्षणे नसतानाही ती करण्याची शिफारस आहे, कारण रक्तातील प्रतिजन मेंदूज्वराच्या काही आठवडे आधी सापडते आणि तेव्हा फ्लुकोनॅझोल देऊन पुढचा अनर्थ टाळता येतो. दहा वर्षांखालील मुलांसाठी अशी सरसकट तपासणी सांगितलेली नाही, लक्षणे असतील तेव्हाच ती करतात.

पालकांना पाठीतून पाणी काढण्याची फार भीती वाटते. ‘मूल लुळे पडेल’ असे कोणीतरी सांगितलेले असते. सुई जेथे टोचतात तेथे मज्जारज्जू संपलेला असतो. शिवाय या आजारात ते पाणी काढणे हा स्वतःच एक उपचार आहे: बुरशीमुळे डोक्यातील दाब वाढतो, त्याने डोकेदुखी होते, दृष्टी जाते आणि मृत्यूही ओढवतो. तो दाब कमी करण्यासाठी कधी रोज पाणी काढावे लागते.

मीठभाकर

सूक्ष्मदर्शी, हीच ती कबुतरांच्या विष्ठेतील बुरशी ना? २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून वाद झाला, तेव्हा तिचे नाव ऐकल्याचे आठवते. अशा मुलांच्या घरच्यांनी कबुतरांबाबत काय करावे?

सूक्ष्मदर्शी

होय, क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स सुकलेल्या विष्ठेत आणि मातीत भरपूर वाढते. तिची दुसरी जात, क्रिप्टोकॉकस गट्टी, निलगिरीसारख्या झाडांच्या ढलप्यांत सापडते. मात्र शहरातील बहुतेक मुलांचा या बुरशीशी बालपणीच संपर्क येतो आणि निरोगी मूल तिला परतवून लावते. कबुतरांमुळे काही जणांना फुप्फुसाचा जो चिवट आजार होतो, तो पक्ष्यांच्या पिसा-विष्ठेची अतिसंवेदनशीलता आहे, संसर्ग नव्हे. त्या वादात या दोन्ही गोष्टींची सरमिसळ झाली होती. सीडी४ खाली असलेल्या मुलाने गच्चीवरची किंवा वातानुकूलन यंत्रामागची विष्ठा झाडू नये, मोठ्यांनीही ती पाणी मारून ओली केल्यावरच काढावी. याउपर घर बदलण्याची किंवा मुलाला कोंडून ठेवण्याची गरज नाही. एआरटी नियमित घेतले तर कबुतरे दुय्यम ठरतात.

लोकताक

मी मूळची साताऱ्याची, सध्या इंफाळमध्ये परिचारिका आहे. येथील एक बुरशी महाराष्ट्रात सहसा दिसत नाही, पण ईशान्येकडून पुण्या-मुंबईला शिकायला व कामाला जाणाऱ्यांची संख्या पाहता तेथील डॉक्टरांनाही ती माहीत असावी. टॅलॅरोमायसिस मार्नेफाय. १९५६ मध्ये व्हिएतनाममधील बांबूतल्या उंदरात ती प्रथम सापडली, थायलंड, दक्षिण चीन, व्हिएतनाम हा तिचा मुख्य प्रदेश, आणि भारतात मणिपूरमधील एचआयव्हीबाधितांत तिची नोंद १९९९ मध्ये झाली. चियांग माई येथील डॉक्टरांनी मुलांमधील या आजाराचे वर्णन नव्वदच्या दशकातच केले होते: बराच काळ ताप, अशक्तपणा, वाढलेले यकृत व प्लीहा, गाठी, आणि चेहऱ्यावर व हातांवर मध्यभागी खळगा असलेल्या पुळ्या. या पुळ्या मुलांमध्ये नेहमी होणाऱ्या मोलस्कम या विषाणूजन्य पुळ्यांसारख्या दिसतात, त्यामुळे त्वचेचे किरकोळ दुखणे समजून त्या सोडून दिल्या जातात. तापासोबत अशा पुळ्या असतील, तर त्वचेचा लहान तुकडा तपासल्यास उत्तर लवकर मिळते. यावर फ्लुकोनॅझोल भरवशाचे नाही. आधी अॅम्फोटेरिसिन हे शिरेतून द्यायचे बुरशीनाशक आणि नंतर इट्राकोनॅझोल अनेक आठवडे द्यावे लागते.

निरगुडी

लोकताक ताई, ही भर फार उपयोगी आहे. याच जातकुळीतील हिस्टोप्लाझ्मोसिस या बुरशीच्या आजाराची भारतात पहिली नोंद १९५४ मध्ये कलकत्त्यात झाली, आणि तोही ताप, गाठी, रक्तपेशींची घट यांमुळे क्षय म्हणूनच हाताळला जातो. क्षयाची औषधे नीट घेऊनही मूल सुधारत नसेल, तर अस्थिमज्जेचा किंवा गाठीचा नमुना बुरशीसाठीही पाठवावा.

अॅम्फोटेरिसिनचा विषय निघाला म्हणून लिहिते. जुन्या स्वरूपातील या औषधाने थंडी वाजते, मूत्रपिंडावर ताण येतो आणि पोटॅशियम घटते, म्हणून ते देताना सलाइन, रक्ततपासण्या व परिचारिकांची सतत देखरेख लागते. स्निग्धकणांत बसवलेले लायपोसोमल स्वरूप पुष्कळ सौम्य आहे. त्यातील एक भारतीय औषध दिल्ली विद्यापीठ आणि मुंबईचे केईएम रुग्णालय यांच्या संशोधनातून तयार झाले, याचा आपल्याला अभिमान वाटावा. मात्र वेगवेगळ्या लायपोसोमल औषधांच्या मात्रा एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. आफ्रिकेतील पाच देशांत प्रौढांवर झालेल्या चाचणीच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरासाठी लायपोसोमल अॅम्फोटेरिसिनचा एकच मोठा डोस, सोबत दोन आठवडे फ्लुसायटोसिन व फ्लुकोनॅझोल, अशी पद्धत मुलांसाठीही सुचवली. फ्लुसायटोसिन बराच काळ आपल्याकडे सहज मिळत नव्हते, आणि औषध कागदावर असणे व वॉर्डात असणे यांतील अंतर आमच्यासारख्यांना रोज मोजावे लागते.

या आजारात एआरटी लगेच सुरू करायचे नसते, हेही नातेवाइकांना पटवणे कठीण जाते. चार ते सहा आठवडे थांबावे लागते, कारण प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली तर बंद कवटीच्या आत दाह भडकतो आणि मृत्यूचे प्रमाण वाढते. न्यूमोसिस्टिस किंवा तोंडातील कॅंडिडाच्या बाबतीत मात्र एवढे थांबायचे नाही. बाळांत तर उशीर परवडतच नाही: दक्षिण आफ्रिकेत सुमारे सात आठवड्यांच्या वयात एआरटी सुरू केलेल्या बाळांमध्ये, लक्षणांची वाट पाहिलेल्या बाळांपेक्षा मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००८ मध्ये दिसले.

आजोळ

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना धागा वाचून दाखवला, टंकणखाराचे त्यांना पटले. एक शेवटचा प्रश्न. भाच्याला मागच्या वेळी तोंडासाठी फ्लुकोनॅझोल दिले होते आणि त्या गोळ्या थोड्या उरल्या आहेत. पुन्हा पांढरे दिसले तर त्या सुरू करू का, की आधी दाखवू?

औषधी_पेटी

आधी दाखवा, ताई. फ्लुकोनॅझोल आणि इतर औषधे यकृतात एकमेकांच्या वाटेत येतात. त्याला कधी क्षयाची औषधे सुरू झाली, तर रिफॅम्पिसिनमुळे फ्लुकोनॅझोलचे प्रमाण थोडे, इट्राकोनॅझोलचे फार घटते, आणि डोल्युटेग्रॅविरचीही मात्रा वाढवावी लागते. चालू असलेल्या सगळ्या औषधांची पट्टी किंवा खोके भेटीला सोबत न्या. नावे सांगण्यापेक्षा ते बरे.

सूक्ष्मदर्शी

याला प्रयोगशाळेच्या बाजूने जोड देते. उरलेल्या गोळ्यांचे अर्धवट कोर्स वारंवार झाले, की फ्लुकोनॅझोलला दाद न देणाऱ्या कॅंडिडाच्या जाती तोंडात जम बसवतात. क्रुसी या जातीवर तर ते मुळातच चालत नाही. पुन्हा थर आला आणि आठवडाभराच्या योग्य उपचाराने तो हलला नाही, तर डॉक्टरांना तोंडातील नमुना कल्चरसाठी पाठवायला सांगा. नमुना नवे औषध सुरू करण्याआधी घ्यावा लागतो, आणि त्या सकाळी माउथ पेंट लावू नये.